पाकिटामागची बारीक अक्षरं आणि घरची कढई

पाकीटबंद खाऊबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. अन्नाचे नमुने तपासण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे ही पत्रं वाचताना जीव गुंतला. भीती पुष्कळ आहे, पण ती बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी आहे. सगळ्या पत्रांना जागा नाही, म्हणून ज्यांचे प्रश्न अनेकांनी विचारलेत अशी सहा पत्रं घेतली आहेत.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. शाळेतून आला की त्याला रोज बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट लागायचं. वेफर काडी लावल्यावर भडाभडा जळतो, म्हणजे त्यात प्लॅस्टिक असतं, असा व्हिडिओ पाहिला आणि मी पाकिटं बंदच केली. आता रोज घरी काप तळून देते. घरचं म्हणजे निर्धोक, बरोबर ना? – एक आई

प्लॅस्टिकची भीती मनातून काढून टाका. वेफरचा साधारण एक तृतीयांश भाग तेल असतो, उरलेला बहुतेक स्टार्च, आणि पाणी जवळपास नाहीच. तेल प्यायलेली कोरडी वस्तू पेटणारच. तुम्ही तळलेला कापसुद्धा तसाच पेटेल.

'घरचं म्हणजे निर्धोक' याला मात्र मला हो म्हणता येत नाही. कारण सांगायला थोडं लांबून यावं लागेल. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये हालांडसोस इथं रेल्वेच्या बोगद्याचं काम चालू होतं. आत झिरपणारं पाणी रोखण्यासाठी खडकाच्या फटींमध्ये जे रसायन भरलं, त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं विषारी रसायन होतं. ते ओढ्यात उतरलं. मासे मेले, ते पाणी प्यालेल्या गाईंचे पाय लुळे पडले. मग कामगारांचं रक्त तपासलं गेलं आणि तुलनेसाठी बोगद्याशी काही संबंध नसलेल्या लोकांचंही. त्या दुसऱ्या लोकांच्या रक्तातही अ‍ॅक्रिलामाइडच्या खुणा सापडल्या! स्टॉकहोम विद्यापीठातल्या मार्गारेता टोर्नक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो जेवणाच्या ताटात येऊन थांबला. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनानं ते जगाला सांगितलं.

बटाट्यात अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि थोडी ग्लुकोज-फ्रुक्टोजही असते. पाणी उडून गेलं आणि तापमान १२० अंश सेल्सियसच्या वर चढलं की या दोघांच्या संयोगातून अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. ज्या क्रियेमुळे काप खमंग आणि तांबूस होतो, तीच ही क्रिया. म्हणजे ते कोणी मिसळत नाही, आणि म्हणून पाकिटावरच्या यादीत ते कधीच दिसणार नाही. कारखान्यातल्या तेलात ते जसं बनतं तसंच तुमच्या कढईत बनतं. ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये काप तांबूस झाले तर तिथेही बनतं.

किती घाबरायचं? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ पासून त्याला '२अ' गटात, म्हणजे माणसाला बहुधा कर्करोगकारक, असं ठेवलं आहे. हा निष्कर्ष मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलेला आहे. माणसांच्या आहाराच्या पाहण्यांतून तेवढं स्पष्ट नातं दिसलेलं नाही. एखाद्या दिवशी खाल्लेल्या वेफर्सनं काही होत नाही. पण मुलाचं वजन कमी, त्यामुळे तेवढ्याच मुठीचा त्याच्या शरीरावरचा भार मोठ्या माणसापेक्षा जास्त पडतो. म्हणून मला तुमच्या पत्रातला 'रोज' हा शब्द खटकला.

युरोपीय संघानं वेफर्ससाठी दर किलोला ७५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा संदर्भ म्हणून ठरवली आहे. ती पाळायची तर कारखान्याला बटाट्याचं वाण निवडावं लागतं, साठवणीचं तापमान सांभाळावं लागतं, कापांचा रंग तपासावा लागतो. घरी यातलं काहीच होत नाही. फ्रिजमधला बटाटा, कडकडीत तेल आणि 'अजून थोडे कुरकुरीत होऊ देत' हा आग्रह एकत्र आला, तर घरच्या कापांत पाकिटापेक्षा जास्त अ‍ॅक्रिलामाइड निघू शकतं.

तेव्हा तळायचेच असतील त्या दिवशी इतकं करा. बटाटा फ्रिजमधला घेऊ नका. थंडीत त्यातली साखर वाढते आणि तो पटकन काळवंडतो. काप अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी फेकून द्या, काप कोरडे पुसा. तेल १७५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि काप फिक्या सोनेरी रंगावर असतानाच काढा. एखादा तपकिरी झाला तर तो बाजूला टाका, मुलाच्या ताटलीत नको. बाकीच्या दिवशी बटाटा उकडा किंवा वाफवा. उघड्या पातेल्यात पाण्याचं तापमान शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे उकडलेल्या बटाट्यात हे रसायन तयार होत नाही. वर लिंबू, मिरपूड, चिमूटभर मीठ. मुलं हे खातात. भुकेच्या वेळी समोर आलं तर नक्की खातात.

मला रक्तदाबाचा त्रास आहे. पाकिटावरची अक्षरं इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. नेमकं काय वाचायचं ते सांगा, सगळं वाचणं होत नाही. – एक निवृत्त शिक्षक

सर, तुम्ही यादीतले रसायनांचे तीन आकडी क्रमांक सोडून द्या आणि थेट 'सोडियम' शोधा. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. समजा १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, लहान मुलांसाठी त्याहून कमी. अशा पाकिटातले १०० ग्रॅम एका बैठकीत संपवले तर दिवसाच्या हिश्शातले दोन ग्रॅम तिथेच गेले, जेवण अजून व्हायचंच आहे. खारट चवीवर विसंबू नका. गोड बिस्किटांतही सोडियम असतं, कारण ती फुगवायला लागणारा सोडासुद्धा सोडियमचाच क्षार आहे.

आकडा कशाचा आहे तेही पाहा. कधी तो १०० ग्रॅमचा असतो, कधी 'एका सर्व्हिंग'चा, आणि सर्व्हिंग म्हणजे चार बिस्किटं किंवा पाव पाकीट. छोटा आकडा पाहून निर्धास्त व्हायच्या आधी हा गुणाकार करा.

दुसरी जागा म्हणजे घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेली असते. पहिली तीन नावं वाचली तरी खाऊ कशाचा आहे ते कळतं. साखर खाली सरकलेली दिसावी म्हणून ती कधी तुकड्यांत येते: साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप. यांची बेरीज केली तर ती पहिल्या क्रमांकावर जाईल का, हे मनातल्या मनात पाहा. आणि 'अंशतः हायड्रोजनेटेड' तेल असं लिहिलेलं दिसलं तर पाकीट परत ठेवा. त्यात ट्रान्स फॅट असतं, आणि ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक आहे, यात आता दुमत उरलेलं नाही. ते जगभरच्या कारखानदारी अन्नातून हद्दपार व्हावं यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये मोहीम सुरू केली. तुमच्या रक्तदाबाला आणि हृदयाला मीठ आणि ट्रान्स फॅट यांचा जेवढा धोका आहे, तेवढा क्वचितच एखाद्या तीन आकडी रसायनाचा असेल.

मी दहावीत आहे. एका पाकिटावर 'एमएसजी घातलेले नाही' असं मोठ्या अक्षरात आहे, पण मागे ६२७ आणि ६३१ असे नंबर आहेत. हे काय आहेत? फसवणूक आहे का? – एक विद्यार्थिनी

पाकीट उलटून पाहिलंस, शाब्बास. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजेच चव वाढवणारं एमएसजी. ६२७ हे डायसोडियम ग्वानिलेट आणि ६३१ हे डायसोडियम इनोसिनेट; दोन्ही एकत्र असली तर ६३५ लिहितात. ग्लुटामेटची चव ही दोघं कितीतरी पटीनं वाढवतात. ग्लुटामेटशिवाय त्यांना फारसं काम नसतं, म्हणून यादीत 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' किंवा 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' आहे का ते शोध. बहुतेक वेळा सापडेल, आणि त्यात ग्लुटामेट असतंच. लिहिलेलं खोटं नाही, पण वाचणाऱ्याचा जो समज होतो तो खरा नाही.

ग्लुटामेट स्वतः विष नाही. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ते समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून वेगळं काढलं. पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्येही ते आपसूक असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१७ मध्ये बाहेरून घातलेल्या ग्लुटामेटसाठी दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. माझा आक्षेप वेगळा आहे. स्टार्च, तेल आणि मीठ या तिघांवर ही चव चढवली की पोट भरलं तरी हात थांबत नाही. वर्गातल्या पाच जणींनी पाच पाकिटं आणून यादी फळ्यावर लिहून काढा. चवी निरनिराळ्या असल्या तरी मागचे घटक किती सारखे आहेत ते तुम्हालाच दिसेल.

नातवाला रंगीत गोळ्या, रंगीत कुरकुरीत खाऊ दिला की तो सैरभैर होतो असं मला वाटतं. सून म्हणते, तुमचा भ्रम आहे. – एक आजी

आजी, तुमच्या निरीक्षणाला आधार आहे. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठानं तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मिळून सुमारे तीनशे मुलं घेऊन प्रयोग केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कृत्रिम रंग आणि पदार्थ टिकवणारं सोडियम बेंझोएट (२११) घातलेलं पेय घेतल्यावर मुलांची चंचलता सरासरीनं थोडी वाढलेली दिसली. परिणाम छोटा होता आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता. म्हणून सूनबाईंना दुसऱ्या मुलांत काहीच दिसलं नसेल, तर त्यांचंही बरोबर आहे.

त्यानंतर युरोपीय संघानं जुलै २०१० पासून १०२, १०४, ११०, १२२, १२४ आणि १२९ हे सहा रंग असलेल्या खाऊवर 'मुलांच्या वागण्यावर आणि लक्ष लागण्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो' असा इशारा छापणं सक्तीचं केलं. हे सहा आकडे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवडे ते टाळून नातवाकडे लक्ष ठेवा. रंगांमुळे पोटाला काहीच मिळत नाही, त्यामुळे टाळल्यानं नुकसान शून्य. आणखी एक, तुम्ही शाकाहारी असाल तर १२० हा लाल रंगही पाहा. तो कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात.

पाकिटात भरलेला वायू विषारी असतो का?

नाही. तो नायट्रोजन असतो. आपण श्वासातून घेतो त्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग तोच आहे. ऑक्सिजन नसला की तेल खवट होत नाही, एवढ्यासाठी तो भरतात.

आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी यायला सात वाजतात. 'घरी करा' असं सगळे सांगतात. दोन तास लागणारे पदार्थ सांगू नका. – एक बाबा

तुमची अट अगदी रास्त आहे. दमलेल्या माणसाला झेपेल तेवढंच टिकतं.

मक्याच्या लाह्यांना दहा मिनिटं लागतात. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, त्यात तळ झाकेल इतके मक्याचे दाणे, वर झाकण, मध्यम आच. फुटण्याचे आवाज दोन-तीन सेकंदांच्या अंतरानं येऊ लागले की लगेच उतरवा. करपू देऊ नका. मायक्रोवेव्हच्या तयार पिशव्यांची गरज नाही. तेल झिरपू नये म्हणून त्या कागदाला पीएफएएस या गटातली रसायनं लावली जात, आणि ती शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत.

काबुली चणे रात्री भिजवा, सकाळी कुकरला लावा. निथळून डब्यात भरले की फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. संध्याकाळी लिंबू, कांदा, मिरपूड. कुरकुरीत हवे असतील तर तव्यावर थेंबभर तेलात परता. उकडलेलं अंडं, दही आणि केळं, चिरलेली काकडी किंवा गाजर याला तर कृतीच नको. गोड हवं तर बिया काढलेला खजूर, भाजलेले तीळ आणि शेंगदाणे एकत्र कुटून गोळे वळा. खजुरातही साखर आहेच, म्हणून एका वेळी एकच.

शेंगदाण्यांबद्दल मात्र मनापासून सांगते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. कारण निघालं त्यांच्या खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. हे विष यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे आणि घरच्या भाजण्यानं ते पुरतं नष्ट होत नाही. यात कारखान्याचा काही संबंध नाही. ओलसर डब्यात, आपल्याच फडताळात ते वाढू शकतं. दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वापरण्याआधी पसरून पाहा आणि सुरकुतलेले, डागाळलेले, बुरशी धरलेले वेचून फेका. चावल्यावर कडवट लागला तर थुंकून टाकायला मुलांना शिकवा. पुष्कळ दाणे तसे निघाले तर सगळा डबा टाकून द्या, निवडत बसू नका.

तुम्ही मुलाचं वय लिहिलेलं नाही. ते चार वर्षांपेक्षा लहान असेल, तर अख्खे शेंगदाणे आणि लाह्या देऊ नका, घशात अडकतात. त्याला दाण्यांचा कूट दह्यात कालवून द्या, आणि चणे चांगले मऊ शिजवून बोटांनी चेचून.