ते शेंगदाणे का परत केलेत?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. परळला राहता, टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर एक बाई दिसली, नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर, बीडच्या आष्टी तालुक्यातून आलेले, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत पथारी कुठे टाकायची तेच कळेना, आणि तुम्ही घरून पोळीभाजीचा डबा नेऊन दिलात. मग त्याचे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले, सोमवार ते शुक्रवार, साडेसहा आठवडे, तुमचा डबा एक दिवस चुकला नाही, त्याला गिळता येईना तेव्हा पातळ पेजसुद्धा नेलीत. आता ते गावी गेलेत, ती दर रविवारी फोन करते, हुरड्याला या म्हणते, तुमची मुलगी म्हणते आज ना उद्या पैसे मागतील, आणि तुम्ही विचारताय की तिला वाईट न वाटता नाही कसं म्हणू.

मुलीचं सोडा. साडेसहा आठवडे जिने एक रुपया मागितला नाही ती आता हुरड्याचं निमित्त काढून मागेल होय?

मला खटकलं ते दुसरंच. एका ओळीत उरकलंय तुम्ही, की एकदा तिने डबा परत देताना त्यात गावचे भाजलेले शेंगदाणे घातले होते आणि तुम्ही "अगं, तुम्हालाच लागतील" म्हणून तिच्याच पदरात ओतले. असं का केलंत हो? तिच्याकडे तिथे होतं काय, रिपोर्टची पिशवी, एक चादर आणि ते शेंगदाणे! आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात, तीच रीत तिने पाळली, शेजारीण समजून. तुम्ही तिला परत पेशंटची बायको करून टाकलंत.

फोनवर तुम्ही गोळ्या विचारता, वजन विचारता, पुढची तपासणी कधी ते विचारता. यजमान गेल्यापासून रविवार खायला उठतो असं मला लिहिलंत, तिला कधी सांगितलंत का? ती नेमकी रविवारीच फोन करते ना.

तर नाही म्हणायचं नाही, जायचं. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यात येते आणि फार थांबत नाही, दाणा कडक झाला की संपलं, तेव्हा आजच फोन करून तारीख ठरवा. एसटीने नगर, मग कडा, मग आष्टी. साडी नको, पाकीट तर अजिबात नको. तोच डबा न्या, रिकामा, आणि जाताना भरून दे म्हणा. आगटीतलं कणीस ती तळहातावर चोळेल, फुंकर मारून कोंडा उडवेल आणि गरम दाणे तुमच्यापुढे धरेल, बरोबर शेंगदाण्याची चटणी असणारच, तेव्हा कृपा करून "तुम्हालाच होऊ दे" म्हणू नका, ओंजळ पुढे करा.