सतत, अखंड, बेमुदत: इंग्रजीत कोणता शब्द?

प्रश्न: अनुवाद करताना 'सतत' आला की अडायला होतं. कंटिन्यूअस लिहायचं की कंटिन्युअल? दोन्ही एकच नाहीत का?

उत्तर: एकच नाहीत, आणि घोळ आपल्या 'सतत'मुळेच होतो. 'पंप सतत चालू आहे' आणि 'तो सतत फोन बघतो' ही दोन्ही वाक्यं आपण एकाच शब्दावर भागवतो. पहिल्यात खंड नाही. दुसऱ्यात माणूस फोन खाली ठेवतो आणि पुन्हा उचलतो. खंड नसेल तिथे कंटिन्यूअस. थांबत, पण पुन्हा पुन्हा होत असेल तिथे कंटिन्युअल. शंका आली तर 'सतत'च्या जागी 'वारंवार' घालून वाचा. अर्थ टिकला तर कंटिन्युअल, बिघडला तर कंटिन्यूअस. 'पंप वारंवार चालू आहे' लगेच खटकतं.

सलग भिंत, सलग रेषा, कागदाचं न तुटलेलं भेंडोळं अशा जागेतल्या सलगपणाला फक्त कंटिन्यूअस चालतो. शिवाय कंटिन्युअल सहसा नामाच्या आधीच येतो: 'कंटिन्युअल इंटरप्शन्स' ठीक, पण 'द इंटरप्शन्स वेअर कंटिन्युअल' जरा अवघडल्यासारखं वाटतं.

इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही हा भेद सर्रास मोडतात आणि कंटिन्युअलला दोन्ही अर्थ देणारे शब्दकोश आहेत. म्हणून वाचताना संदर्भ बघायचा, लिहिताना भेद पाळायचा. गैरसमज परवडणारच नसेल, म्हणजे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत वगैरे, तर दोन्ही शब्द टाळा. 'विदाउट अ ब्रेक' किंवा 'एव्हरी टेन मिनिट्स' असं उघड लिहा. 'रन द मोटर कंटिन्युअली' वाचून एखादा मोटर मध्येच बंद करेल आणि चूक त्याची नसेल.

डॉक्टरांनी तर याची मापंच ठरवली आहेत. कंटिन्यूअस फीवरमध्ये 24 तासांतला चढउतार साधारण 1 अंश सेल्सिअसच्या आत राहतो आणि ताप नॉर्मलला येत नाही. रेमिटंटमध्ये चढउतार मोठा असतो, पण नॉर्मलला तोही येत नाही. इंटरमिटंट ताप दिवसातले काही तास पूर्ण उतरतो आणि परत चढतो. वैद्यकीय कागदाचा अनुवाद करताना तिघांना 'सततचा ताप' म्हणून एकत्र कोंबू नका. 'एकसारखा राहणारा', 'कमीजास्त होणारा पण न उतरणारा' आणि 'उतरून पुन्हा चढणारा' असं फोड करून लिहिलेलं बरं. त्याच कागदात क्रॉनिक दिसला तर तो 'तीव्र' नव्हे, 'दीर्घकाळचा'. मोठ्या माणसाचा खोकला 8 आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की त्याला क्रॉनिक म्हणतात, मग तो कितीही हलका असो.

प्रश्न: नोकरीच्या अर्जात 'अविरत प्रयत्न'साठी 'इन्सेसंट एफर्ट्स' लिहिलं, तर तपासणाऱ्याने खोडलं. शब्दकोशात तर 'न थांबणारे' असंच आहे!

उत्तर: खोडलं ते बरोबर केलं. इन्सेसंटच्या जोडीला कोण येतं ते बघा: रेन, नॉइज, चॅटर, फोन कॉल्स. सगळी डोकं उठवणारी मंडळी. प्रयत्नांसाठी टायरलेस किंवा सस्टेन्ड घ्या. रिलेंटलेसमध्ये दयामाया नसते. ऊन, पाठलाग, टीका यांना तो शोभतो. हल्ली लोक स्वतःच्या कामालाही कौतुकाने लावतात, पण अर्जात तो शब्द आक्रमक वाटतो.

इंटरमिनेबल तर संपणाऱ्याच गोष्टींसाठी वापरतात. बैठक, भाषण, रांग: शेवट आहे हे ठाऊक असतं, पण तो येता येत नाही. एंडलेसचं तसं नाही. 'एंडलेस पेशन्स' ही स्तुती आहे, 'एंडलेस फॉर्म्स' हा वैताग.

आणि कुरकुरच करायची असेल तर विशेषणाचीही गरज नाही, काळ पुरतो. 'ही ऑल्वेज लूझेस हिज कीज' ही माहिती झाली. 'ही इज ऑल्वेज लूझिंग हिज कीज' म्हटलं की बोलणारा कावलेला आहे हे कळतं.

प्रश्न: करारात परपेच्युअल, इनडेफिनिट, एव्हरग्रीन हे तिन्ही 'कायमचा' म्हणून घेतले तर चालेल?

उत्तर: अजिबात नाही, इथे चूक महागात पडते. इनडेफिनिट म्हणजे बेमुदत: शेवटाची तारीख ठरलेली नाही, एवढंच. बेमुदत संप मिटतोच की! मुदत न लिहिलेला करार वाजवी नोटीस देऊन संपवता येतो, असा अर्थ न्यायालयं पुष्कळदा लावतात. एव्हरग्रीन करार ठरलेल्या मुदतीचाच असतो, पण कोणी वेळेत नको म्हटलं नाही तर आपोआप पुढे चालू राहतो. त्यात आधी नोटिशीचं कलम शोधा: मुदत संपण्याच्या किती दिवस आधी कळवायचं, आणि लेखी का. ती खिडकी चुकली की पुढची पूर्ण मुदत गळ्यात पडते.

परपेच्युअल म्हणजे काळाची मर्यादा नाही. पण सॉफ्टवेअरच्या परपेच्युअल लायसन्समध्ये वापरण्याचा हक्क कायमचा असला तरी नव्या आवृत्त्या आणि तांत्रिक मदत बहुधा वेगळ्या आणि मुदतीच्या असतात. शिवाय परपेच्युअल म्हणजे रद्द न होणारा असंही नाही. म्हणूनच वकील त्याच्या शेजारी 'इरिव्होकेबल' वेगळा लिहितात. तो नसेल तर अटी मोडल्यावर किंवा इतर कोणत्या कारणाने लायसन्स काढून घेता येतं, हे रद्द करण्याच्या कलमात वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न: शाश्वत म्हणजे इटर्नल की एव्हरलास्टिंग?

उत्तर: ज्याला आरंभही नाही आणि अंतही नाही ते काटेकोर अर्थाने इटर्नल, सुरू झालं पण संपणार नाही ते एव्हरलास्टिंग. तत्त्वज्ञानाच्या मजकुराबाहेर एवढी चिकित्सा कोणी करत नाही. खरा खड्डा 'शाश्वत विकास' आणि 'शाश्वत शेती'त आहे. तिथे सस्टेनेबलच हवा. इटर्नल डेव्हलपमेंट वाचून लोक हसतील. बारमाही नदीला पेरेनियल. वनस्पतिशास्त्रात मात्र पेरेनियल म्हणजे 2 वर्षांहून जास्त जगणारं झाड, वर्षभर फुलणारं नव्हे.

प्रश्न: विमानाचं तिकीट 'डायरेक्ट' म्हणजे नॉनस्टॉपच ना?

उत्तर: नाही. डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकतं, फक्त फ्लाइट नंबर तोच राहतो. नॉनस्टॉप कुठेच उतरत नाही. पैसे भरण्याआधी थांब्यांच्या रकान्यात शून्य आहे का, तेवढं बघा.