ऑप्टिकल स्कर्मिऑनच्या सिम्युलेशनमध्ये स्कर्मिऑन संख्या १ का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: पायथनमध्ये गॉसियन आणि लॅगेर-गॉस (मध्यभागी अंधार असलेला, कड्यासारखा) बीम विरुद्ध वर्तुळाकार पोलरायझेशनमध्ये मिसळून ऑप्टिकल स्कर्मिऑन, म्हणजे पोलरायझेशनच्या बाणांची गुंडाळलेली रचना, तयार केला. स्कर्मिऑन संख्या १ यायला हवी, पण ती ०.८ च्या आसपास अडकते. ग्रिड बारीक करूनही फरक पडत नाही. चूक कुठे आहे, आणि प्रयोगशाळेत या रचनेवर नियंत्रण कसं ठेवतात?

उत्तर:

तुमचा कोड बहुधा बरोबरच आहे, खिडकी, म्हणजे हिशोबात धरलेला बीमचा भाग, लहान पडते आहे. ग्रिड बारीक करूनही आकडा हलला नाही हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, निदान त्यातूनच होतं. डेरिव्हेटिव्हमध्ये गडबड असती तर ग्रिड बदलल्यावर आकडा हलला असता.

तुमच्या बीमच्या मध्यभागी लॅगेर-गॉसचा भाग शून्य असतो, म्हणून तिथे स्टोक्स सदिश (त्या बिंदूवरचं पोलरायझेशन दाखवणारा बाण) प्वांकारे गोलाच्या, म्हणजे सगळ्या पोलरायझेशनचा नकाशा असलेल्या गोलाच्या, एका ध्रुवाकडे रोखलेला असतो. बाहेर सरकत जाल तसा लॅगेर-गॉस वरचढ होतो आणि सदिश दुसऱ्या ध्रुवाकडे झुकत जातो. पण त्या ध्रुवावर तो पोचतो ते अनंत अंतरावर. उकडीच्या मोदकाची पारी डोळ्यांसमोर आणा: सपाट चकतीची सगळी कड वर एका टोकाशी जुळली की मोदक बंद होतो. पारी लहान असेल तर तोंड उघडं राहतं. स्कर्मिऑन संख्या म्हणजे बीमच्या छेदाची ही चकती प्वांकारे गोलाभोवती किती वेळा पूर्ण गुंडाळली गेली, त्याची मोजणी. तुमची चकती मधेच कापली गेली आहे.

या बीमसाठी हिशोब कागदावरच सुटतो. मोजणीच्या वर्तुळाच्या त्रिज्येला बीमच्या त्रिज्येने भागा, वर्ग करा, दुप्पट करा. याला क्ष म्हणू. दोन्ही घटकांची शक्ती सारखी असेल तर त्या वर्तुळातली स्कर्मिऑन संख्या येते क्ष भागिले (१ + क्ष). म्हणजे बीमच्या त्रिज्येएवढ्या वर्तुळात ०.६७, दीडपट वर्तुळात ०.८२, दुप्पट वर्तुळात ०.८९, तिप्पट वर्तुळात ०.९५, आणि पाचपट गेलात तरी ०.९८. तुमची खिडकी दीडपटीच्या आसपास असणार. चौकोनी खिडकीत कोपऱ्यांमुळे आकडा किंचित वर जातो, एवढंच.

संगणकावर खिडकी वाढवायला काहीच लागत नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र पंचाईत होते, आणि या विषयावर नव्याने काम करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग आधी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. दुप्पट त्रिज्येवर एकूण इंटेन्सिटी मध्यभागाच्या ०.३ टक्के उरते. ८ बिटच्या कॅमेऱ्यात ती एका ग्रे-लेव्हलएवढीही भरत नाही. तिप्पट त्रिज्येवर उरतो कोटीतला सुमारे तीन भाग. तिथे तुम्ही स्टोक्स सदिश नॉर्मलाइझ करता तेव्हा निव्वळ नॉइजला एकक लांबीचा बाण करून बसवता, आणि मग संख्या १.३ पण येते, ०.४ पण येते.

उपाय दोन घटकांच्या प्रमाणात आहे. लॅगेर-गॉसची शक्ती गॉसियनच्या नऊपट करा. आता वरच्या सूत्रात क्षच्या जागी नऊ क्ष येतो, आणि दीडपट त्रिज्येच्या वर्तुळातच ०.९८ मिळतात. शिवाय त्या कडेला इंटेन्सिटी शिखराच्या १२ टक्के असते, म्हणजे कॅमेऱ्याला ती नीट दिसते. मध्यभाग शिखराच्या २७ टक्क्यांवर येतो, तोही पुरेसा आहे. स्कर्मिऑन आक्रसतो पण त्याची टोपॉलॉजी तीच राहते. मी तरी सम प्रमाणाने सुरुवात करतच नाही.

मोजलेल्या डेटावर थेट डेरिव्हेटिव्ह घेऊ नका. बर्ग आणि ल्युशर यांची १९८१ची पद्धत वापरा: ग्रिडचा प्रत्येक चौकोन दोन त्रिकोणांत तोडायचा, तीन कोपऱ्यांवरचे सदिश गोलावर जो त्रिकोण आखतात त्याचा चिन्हासकट घनकोन काढायचा, सगळ्यांची बेरीज करून ४ पायने भागायची. नॉइज असलेल्या चित्रावर ही पद्धत कितीतरी शांत चालते.

आता नियंत्रण. नेहमीची मांडणी अशी: लेसरचा बीम फुगवून एसएलएमवर, म्हणजे लिक्विड क्रिस्टलच्या पडद्यावर पाडतात. पडद्याचे दोन भाग करून एकावर गॉसियनचा, दुसऱ्यावर लॅगेर-गॉसचा होलोग्राम ठेवतात. मग दोन्ही बीम आडव्या आणि उभ्या पोलरायझेशनमध्ये एकत्र आणून क्वार्टर-वेव्ह प्लेटमधून (पोलरायझेशन बदलणाऱ्या पातळ चकतीतून) काढले की वर्तुळाकार जोडी मिळते. एसएलएम एकाच पोलरायझेशनवर काम करतो, म्हणून ही दोन भागांची कसरत करावी लागते. वेग हवा असेल तर सूक्ष्म आरशांचा पडदा, डीएमडी, वापरतात. प्रकाश बराच वाया जातो, पण पोलरायझेशनची अट राहत नाही. शेवटी सहा पोलरायझेशनमध्ये सहा छायाचित्रं घेऊन स्टोक्स सदिश काढतात.

दोन घटकांमधली फेज बदलली की सगळे बाण एकसाथ फिरतात: बाहेर फाकलेला नेएल प्रकार ९० अंशांवर भोवऱ्यासारखा ब्लॉक प्रकार होतो. यासाठी होलोग्राम बदलायचीही गरज नाही. हाफ-वेव्ह प्लेट २२.५ अंश फिरवा, बाण ९० अंश फिरतात. ही भूमितीय फेज (पोलरायझेशन कुठल्या वाटेने बदललं त्यावर ठरणारी फेज) शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये बंगळुरात मांडली होती, आणि आज या क्षेत्रातली कितीतरी उपकरणं तिच्यावरच उभी आहेत. विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असायलाच हवं.

सिम्युलेशनमध्ये बीम पुढे नेलात तर हेच फिरणं आपोआप दिसेल. गॉसियन आणि लॅगेर-गॉसची गूई फेज (बीम पुढे जाताना जमा होणारी जादा फेज) वेगवेगळ्या दराने बदलते, त्यामुळे वेस्टपाशी, म्हणजे बीम सर्वात अरुंद असतो तिथे, नेएल असलेला स्कर्मिऑन खूप दूर गेल्यावर ब्लॉक होतो. संख्या तीच राहते.

संख्या बदलते ती फक्त कक्षीय कोनीय संवेगाच्या फरकाने. लॅगेर-गॉसचा निर्देशांक (हा संवेग सांगणारा पूर्णांक) २ केलात तर संख्या २, उणे १ केलात तर उणे १. हाफ-वेव्ह प्लेट घालून डावं-उजवं अदलाबदल केलंत तर मधला बाण उलटा होतो, तरीही संख्येचं चिन्ह बदलत नाही, कारण वेढ्याची दिशाही त्याबरोबर उलटते. आणि अधिक १ व उणे १ निर्देशांकाचे दोन लॅगेर-गॉस एकत्र केलेत तर फरक २ असूनही उत्तर शून्य येतं: दोन्हींची त्रिज्येनुसार रचना सारखीच असल्याने सदिश एकाच अक्षांशावर अडकतो आणि गोल झाकलाच जात नाही.

वाचताना एका गोष्टीची काळजी घ्या. २०१८ मध्ये इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेच्या गटाने दाखवलेली स्कर्मिऑनची जाळी धातूच्या पृष्ठभागावरच्या प्लाझ्मॉन लहरींच्या (धातूतल्या इलेक्ट्रॉनांशी जोडलेल्या प्रकाशलहरींच्या) विद्युतक्षेत्राची होती. तुमचा स्कर्मिऑन स्टोक्स सदिशाचा आहे. दोन्हींची सूत्रं सारखी दिसतात, पण बाण वेगळा आहे, आणि तिथे जाळीच्या एका घरातच वेढा पूर्ण होतो, तुमच्यासारखा अनंतापर्यंत लांबत नाही.

‘टोपॉलॉजिकल संरक्षण’ हा शब्दही मला जपून वापरावासा वाटतो. चुंबकीय पदार्थात स्कर्मिऑन मोडायला ऊर्जेचा अडथळा ओलांडावा लागतो. मोकळ्या जागेतल्या प्रकाशात तसा अडथळा नाही. तिथे टिकाऊपणा येतो तो बदल सलग असण्यातून: पूर्ण बीमवर सारखीच वेव्ह प्लेट लावा, गोल नुसता फिरतो आणि संख्या टिकते. पूर्ण पोलरायझर लावा, संख्या तात्काळ शून्य. २०२४ मध्ये जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाच्या गटाने क्वांटम पातळीवर एकमेकांत गुंतलेल्या (एन्टँगल्ड) दोन फोटॉनमध्ये वाटला गेलेला स्कर्मिऑन दाखवला, आणि ही एन्टँगलमेंट क्षीण होत गेली तरी संख्या टिकते हे मांडलं. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो, पण कुठल्या बिघाडासमोर टिकते हे प्रत्येक वेळी विचारायला हवं.

तुमच्या कोडची तपासणी अशी करा: वर्तुळाची त्रिज्या वाढवत संख्येचा आलेख काढा आणि त्यावर क्ष भागिले (१ + क्ष) हा वक्र ठेवा. दोन्ही जुळले तर कोड बरोबर. नाही जुळले तर आधी लॅगेर-गॉसचं नॉर्मलायझेशन पाहा, मग बीमची त्रिज्या दोन्ही घटकांत एकच आहे ना ते.