टोकियोत बिऱ्हाड थाटताना

ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका, टिप देऊ नका, दारातच चपला काढा, हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. (चपलांचं तर आपल्याला शिकवायलाच नको.) खरा कस लागतो कचऱ्यात.

घर मिळालं की वॉर्डाचं कचऱ्याचं वेळापत्रक घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. जळणारा कचरा ठरलेल्या वारी सकाळीच, कावळ्यांनी उपसू नये म्हणून लावलेल्या जाळीखाली ठेवायचा. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, ती विसळून वेगळी ठेवायची. चुकलात तर कोणी भांडायला येत नाही. पिशवीवर स्टिकर लागतो आणि ती तिथेच पडून राहते, अख्ख्या इमारतीला दिसेल अशी. तोंडावर चार शब्द ऐकलेले परवडले!

राहायला गेल्यावर शेजारी आणि खालच्या मजल्यावर टॉवेल किंवा साबणासारखी छोटी भेट देऊन या. भिंती पातळ असतात, रात्री उशिरा कुकर लावू नका.

शाकाहारी असाल तर सांभाळा. मिसो सूप किंवा उदोनचा (जाड नूडल्सचा) रस्सा दिसायला अगदी गरीब, पण त्यात बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी असतो. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. मासा आणि दाशीही नको, असं स्पष्ट सांगा. पोहे-डाळींची चिंता सोडा, एदोगावा वॉर्डात निशी-कासाईला भारतीय वाणसामान मिळतं.

आणि भाडेकरार नीट वाचा. ‘रेइकिन’ ही रक्कम मालकाला द्यायची असते, डिपॉझिटसारखी ती परत मिळत नाही.