पणजोबा वाळवा तालुक्यातले, त्यामागचं काहीच माहीत नाही. घराण्याचा शोध कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा वाळव्याकडचे, त्यांचा एक भाऊ पहिल्या महायुद्धात गेला तो परत आलाच नाही, आणि त्यामागचं घरात कुणालाच सांगता येत नाही. कागद मिळू शकतात, पण नुसत्या सांगलीच्या नावाने शोधलंत तर फारसं हाती लागणार नाही.

सांगली जिल्हा तसा अलीकडचा. 1949 मध्ये साताऱ्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके आणि मिरज, जत अशा संस्थानांचा मुलूख एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा केला. सांगली हे नाव आलं 1960 मध्ये. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळात वाळवा साताऱ्यातच होता. आजच्या सांगली जिल्ह्यातच तेव्हा आटपाडीवर औंध संस्थानाचा अंमल होता, मिरजेवर पटवर्धनांचा. म्हणून 1948 पूर्वी आपलं गाव कुणाकडे होतं, हे आधी पक्कं करा. 1885 चं सातारा गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यात घराण्याची नावं सापडणार नाहीत, पण तालुक्याची घडी समजते.

आता मुख्य कागद, फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गावच्या जमिनीचा 7/12 काढा. जमीन विकली असली तरी चालेल, गट नंबर कळला की झालं. नावापुढे वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार वाचलात की त्याच्या आधीचा कळतो, आणि असं मागे मागे जाता येतं. जुने हस्तलिखित 7/12 आणि फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, नकलेसाठी अर्ज करावा लागतो. हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, त्यामुळे ब्रिटिश मुलखातल्या गावाला या वाटेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाता येतं. वारसनोंदीचा एक फेरफार सापडला तरी अख्खं कुटुंब समोर येतं: मयताचं नाव, त्याच्या बापाचं नाव, बायको, मुलगे, कधी लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे बाकीच्या भावांची नावं लिहिलेली नसतात, म्हणून ते नव्हतेच असं धरू नका.

फार जुन्या पानांवर आडनाव असेलच असं नाही. ‘अमका बिन तमका’ (तमक्याचा मुलगा अमका) एवढंच असतं, बाई असेल तर ‘कोम अमका’ (अमक्याची बायको). एकाच नावाची माणसं गावात ढीगभर, त्यामुळे माणूस नावावरून नव्हे, सर्व्हे नंबरावरून, म्हणजे जमिनीच्या जुन्या क्रमांकावरून धरायचा. मोडीतलं पान आलं तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराकडूनच वाचून घ्या. सालात शके असेल तर 78 मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्याही (गाव नमुना 14) तहसीलमध्येच विचारा. त्यात बाळाच्या नावाच्या जागी कधीकधी नुसतं ‘मुलगा’ असतं, तेव्हा बापाच्या नावाने शोधा. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर मला याहून मोलाचं वाटतं, कारण एका पानावर नाव, जात, जन्मतारीख सगळं मिळतं. मुख्याध्यापकांना भेटून रीतसर उतारा मागा.

युद्धात गेलेल्या पणजोबांच्या भावासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ पाहा. तिथे शोध फुकट आहे. नावाचं रोमन स्पेलिंग कसंही असू शकतं, म्हणून मराठा पलटणी आणि गावाच्या नावानेही शोधा. जिल्हा सातारा टाका, सांगली नको. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूत शहराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. एप्रिल 1916 मध्ये कूत पडलं आणि कैदेत पुष्कळ जण मेले. काही नोंदींत बापाचं नाव आणि गावही दिलेलं असतं. ते मिळालं तर फेरफाराशी थेट जोड लागते.

घराण्याकडे पाटीलकी, कुळकर्ण किंवा इनाम असेल तरच पुण्याच्या पेशवे दफ्तराची, म्हणजे तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या सरकारी संग्रहाची वाट धरा. तिथले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मोडीत आहेत, आणि नुसत्या आडनावावर तिथे शोध लागत नाही.

आणि भावकीत विचारा, सुगीनंतर गावात हेळवी येतात का. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची वंशावळ सांगणारे हे लोक मूळ गाव, कुलदैवत, कोणती शाखा कधी कुठे गेली, हेही सांगतात. त्यांची वही आणि फेरफार यांतली नावं एकाखाली एक लिहून ताडून बघा. पणजोबांच्या मागची दोन-तीन नावं दोन्हीकडे सारखी आली, तर तिथून मागे हेळव्यांच्या वहीच्या आधाराने जा.