इंग्लंडची डेअरी मिल्क ‘खरी’ आणि आपली ‘मेणासारखी’, असे का?

आपण विचारले आहे की, इंग्लंडहून आलेल्या पाहुण्यांनी आणलेली कॅडबरी डेअरी मिल्क आणि आपल्याकडच्या दुकानात मिळणारी डेअरी मिल्क यांच्या चवीत एवढा फरक का असतो, आणि या चॉकलेटची मूळ कृती आज नेमकी कोणत्या देशात शिल्लक आहे. जाता जाता ‘आपली कॅडबरी मेणासारखी लागते’ असेही आपण लिहून टाकले आहे. हेच वाक्य मी मे २००९ मध्ये सोलापूरला, आमच्या दुकानाच्या काउंटरवर ऐकले होते, आणि ते माझ्या वडिलांना उद्देशून होते. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

मूळ कृतीचे आधी सांगते. ती कोणत्याच देशात शिल्लक नाही, इंग्लंडमध्येही नाही. दुधाचे चॉकलेट प्रथम डॅनिएल पीटर यांनी १८७५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये करून दाखवले. कॅडबरींनी १८९७ मध्ये दुधाची भुकटी घालून स्वतःचे चॉकलेट काढले, पण ते जिभेला खरखरीत लागे आणि स्विस मालापुढे त्याचा टिकाव लागला नाही. मग बर्मिंगहॅमजवळच्या बॉर्नव्हिलच्या कारखान्यात बरेच प्रयोग होऊन, ताजे दूध भरपूर प्रमाणात वापरलेली डेअरी मिल्क १९०५ मध्ये बाजारात आली. अर्ध्या पौंडाच्या बारमागे दीड पेला दूध, ही तिची प्रसिद्ध जाहिरात १९२८ची.

आता ‘मूळ’ चवीचे पुढे काय झाले ते पाहा. सुरुवातीच्या त्या वर्षांत कॅडबरींचा कोको मोठ्या प्रमाणावर साओ टोमे या पोर्तुगीज ताब्यातल्या बेटावरून येत असे. तेथील मळ्यांवर माणसे गुलामांसारखी राबवली जात होती, म्हणून १९०९ मध्ये कॅडबरींनी त्या कोकोवर बहिष्कार घातला. हे त्यांच्या कानावर कित्येक वर्षे आधी आले होते, ही गोष्ट मला आजही खटकते. पुढे त्यांचा कोको मुख्यतः गोल्ड कोस्टहून, म्हणजे आजच्या घानातून येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, चॉकलेटसाठी ताजे दूध वापरण्यास ब्रिटिश सरकारने बंदी केली, तेव्हा खुद्द इंग्लंडमध्ये डेअरी मिल्क बंद पडली आणि साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे ‘रेशन चॉकलेट’ लोकांनी खाल्ले. गोड पदार्थांवरचे रेशनिंग उठायला तेथे १९५३ साल उजाडले. कोको बदलला, दूध बदलले, मध्ये काही वर्षे मालच नव्हता, आणि तरीही तेथील माणूस आपल्या हातातील बारला ‘ओरिजिनल’ म्हणतो. भारतात कंपनी १९४८ मध्ये आली. आधी आयात माल विकला, नंतर ठाणे आणि तळेगावजवळचे इंदुरी येथे कारखाने झाले, आणि १९६५ पासून केरळात कोकोची लागवड सुरू करण्यात तिने पुढाकार घेतला. म्हणजे आपली डेअरी मिल्क कोणाची नक्कल म्हणून चोरून केलेली नाही. ती त्याच घरातली आहे.

आमचे किराणा-जनरलचे दुकान नव्या पेठेच्या मागच्या बाजूला आहे. आता ते माझा भाऊ चालवतो. तेव्हा माझे वडील, अण्णा, चालवत. आमच्याकडे ‘चॉकलेट’ मागणाऱ्याला बरणीतली गोळी द्यायची आणि ‘कॅडबरी’ मागणाऱ्याला बार द्यायचा, एवढे मला पहिलीत असल्यापासून ठाऊक होते. गिऱ्हाईक ‘फाइव्ह स्टारची कॅडबरी द्या’ असेही म्हणे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि २००९ मध्ये भारनियमनामुळे दुपारचे काही तास दुकानातला फ्रीज बंद असे. त्या काळात अण्णा कॅडबरीचे बॉक्स एकदम फ्रीजच्या तळाशी ठेवत, वर वर्तमानपत्रांची घडी घालत, आणि वीज गेली की दार उघडू देत नसत. लहान मुलगा रुपया-रुपया जमवून आला तरी ‘लाईट आली की ये’ म्हणून त्याला परत पाठवत, कारण मऊ झालेला माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

लेस्टरला राहणारा माझा आत्येभाऊ त्या मेमध्ये आला. मुंबईपर्यंत विमान, पुढे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, आणि सकाळी बॅग उघडली तेव्हा त्याने प्रेमाने आणलेला मोठा जांभळा बार पिशवीतल्या पिठासारखा दबत होता. तो घाईने फ्रीजमध्ये ठेवला. संध्याकाळी दुकानात सगळ्यांसमोर उघडला, तर वर पांढरी साय धरल्यासारखे झाले होते. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर पेपर वाचत उभे होते; ते लगेच म्हणाले, ‘बुरशी आली हो याला.’

आपल्याला हे माहीत असेल की, २००३च्या दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्रात डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या, अन्न व औषध प्रशासनाने चौकशी केली होती, आणि जानेवारी २००४ पासून कंपनीने बार पक्क्या चिकटवलेल्या फॉइलमध्ये द्यायला सुरुवात केली. त्यानंतर कित्येक वर्षे पांढरी पडलेली प्रत्येक कॅडबरी लोक किडलेली समजत, आणि अण्णांना काउंटरवर ‘शिळा माल खपवता’ हे निमूटपणे ऐकून घ्यावे लागे. त्यामुळे मास्तरांचे बोलणे त्यांना झोंबले असणार. पण त्यांनी तो इंग्लंडचा बार हातात घेतला, अंगठ्याने एका चौकोनावर हळूच चोळले, आणि पांढरे नाहीसे होऊन खालचा तपकिरी रंग वर आला. ‘मास्तर, बुरशी नाही ही. कोकोचे लोणी वर आले आहे. पोराने चांगला माल आणला आहे.’

कोकोचे लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळते. एकदा वितळून ते नीट न जमता थिजले की त्याचे कण पृष्ठभागावर येऊन बसतात. चोळल्यावर जाते ते लोणी. दमट जागी ठेवल्याने आलेला पांढरेपणा मात्र साखरेचा असतो, तो खरखरीत लागतो आणि चोळून जात नाही. अण्णा बारावी नापास होते, पण हा फरक त्यांना बोटाने कळत असे.

आत्येभाऊ ओशाळला होता, आणि ओशाळलेला माणूस बोलू नये ते बोलतो. ‘मामा, हे खरे चॉकलेट आहे, म्हणून पांढरे पडले. तुमची कॅडबरी मेणासारखी, तिला काय होणार?’

अण्णा काही बोलले नाहीत. सेल्समनला परत देण्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या मालातला एक बार त्यांनी आणला आणि फॉइल सोडली. तोही तसाच पांढरा होता. मग चष्मा लावून त्यांनी दोन्ही रॅपर काचेवर सरळ केले आणि मला म्हणाले, ‘वाच.’

‘त्याच्या रॅपरवर पहिले काय आहे?’

‘दूध.’

‘आपल्यावर?’

‘साखर.’

आत्येभाऊ हसला. ‘पुढे वाच,’ अण्णा म्हणाले. मी वाचत गेले: दूध, साखर, कोको बटर, कोको मास, आणि मग व्हेजिटेबल फॅट.

‘आपल्यावर ते आहे का?’

नव्हते. साखर, दुधाचे घन पदार्थ, कोको बटर, कोको सॉलिड्स, इमल्सिफायर आणि स्वाद, एवढेच होते.

‘दूध तुझ्यात जास्त, हे मान्य,’ अण्णा म्हणाले. ‘पण कोकोच्या लोण्यात दुसरी चरबी मिसळलेली तुझ्यात आहे, माझ्यात नाही. आता मेण कोणाचे ते तूच सांग.’ मास्तर पेपर घडी करून निघून गेले. आत्येभाऊ म्हणाला, की इंग्लंडमध्ये तेवढे कायद्याने चालते. ते खरे आहे. कोको बटरखेरीज पाच टक्क्यांपर्यंत इतर वनस्पतिजन्य चरबी घालण्याची तेथे मुभा आहे, आणि याच कारणावरून युरोपातल्या काही देशांनी ब्रिटिश चॉकलेटला ‘चॉकलेट’ म्हणू देण्यास कित्येक वर्षे विरोध केला होता. तो वाद मिटवणारा युरोपीय नियम २००० साली झाला. म्हणजे ज्याला आपण ‘खरे’ म्हणतो, त्याला बेल्जियम-फ्रान्सचा माणूस खरे मानायला तयार नव्हता.

चवीतल्या फरकाचे मुख्य कारण मात्र दूध आहे. इंग्लंडमध्ये ताजे दूध साखरेसह आटवतात, त्यात कोकोचा लगदा घालून ते मिश्रण निर्वात भट्टीत वाळवतात; कारखान्यात त्याला ‘क्रम्ब’ म्हणतात. बासुंदी आटत असताना पातेल्याच्या कडेला जो खमंग वास येतो, त्याच जातीचा स्वाद त्या चॉकलेटमध्ये उतरतो. दुधातली चरबी जास्त असली की बार तोंडात लवकर विरघळतो, आणि उन्हाळ्यात हातातही. जेथे फ्रीजची खात्री नाही आणि बार टपरीवर पत्र्याखाली लटकतो, तेथे तो थोडा कडक ठेवावाच लागतो. कडक असणे म्हणजे मेण नव्हे. गोडीविषयी मी एवढेच म्हणेन की आपल्याकडे साखर पहिली येते आणि ती जाणवते.

इतर देशांत हेच नाव आणखी वेगळी रूपे घेते. अमेरिकेत डेअरी मिल्क १९८८ पासून हर्शी ही कंपनी परवान्यावर करते; तेथेही साखर पहिली येते आणि चव इंग्लंडसारखी अजिबात नाही. इंग्लंडचा बार आयात करून विकणाऱ्यांशी हर्शीने कोर्टबाजी केली आणि २०१५ मध्ये ती आयात थांबवायला लावली. न्यूझीलंडमध्ये २००९ मध्ये कृतीत पामतेल आले, लोक इतके चिडले की काही आठवड्यांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. तेथील गिऱ्हाइकांविषयी मला फार आदर आहे. ऑस्ट्रेलियात टास्मानियातील क्लेरमाँटचा कारखाना १९२० च्या दशकापासून तेथल्याच दुधावर चालतो. आयर्लंडचे लोक त्यांची डेअरी मिल्क इंग्लंडपेक्षा सरस असल्याचे छातीठोकपणे सांगतात. एवढ्या साऱ्यांतून एकाच देशाला ‘खरी’चा शिक्का देणे मला पटत नाही.

अण्णांनी मान्य केलेली गोष्ट मीही मान्य करते. डिसेंबर २०१६ मध्ये मी लेस्टरला आत्येभावाकडे गेले होते. तेथे थंड स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या डब्यातून काढलेली डेअरी मिल्क खाल्ली, आणि दुधाच्या स्वादात ती आपल्यापेक्षा वरचढ आहे, हे मी त्याला तेथेच सांगितले. त्याने मात्र ‘मेण’ हा शब्द अजून परत घेतलेला नाही. त्याची तुलनाच चुकीची होती. एक बार स्वतःच्या हवेत वाढलेला, दुसरा बेचाळीस अंशांतून गेलेला, आणि निकाल काढला चॉकलेटचा. आपल्या पाहुण्यांनीही हेच केले असण्याची शक्यता मला दाट वाटते.

तेव्हा आपल्याला खरोखर चव पडताळायची असेल, तर थंडीच्या दिवसांत, दोन्ही बार ताजे घेऊन, एकाच खोलीत दोन-तीन तास ठेवा. फ्रीजमधून काढल्या काढल्या खाऊ नका. गार चॉकलेटला चव नसते. मोडताना कानाजवळ धरा, मग तुकडा चावू नका, जिभेवर विरघळू द्या. विमानाने आलेला बार मऊ झाला असेल तर तो तुलनेतून बाद समजा. आणि दुकानदाराला ‘तुमचा माल नकली’ असे म्हणण्यापूर्वी दोन्ही रॅपर शेजारी ठेवून घटकांचा क्रम वाचा.

दोन गोष्टी राहिल्या. मी लिहिले आहे ते साध्या डेअरी मिल्कबद्दल. आपण पाहुण्यांच्या बारची तुलना सिल्कशी केली असेल तर ती निराळी गोष्ट आहे, कारण सिल्क आपल्याकडे २०१० मध्ये मुद्दाम अधिक मऊ म्हणून आणली गेली. आणि रॅपरवरची माझी यादी २००९ची आहे. ती दोन्ही रॅपर अजून आमच्या जुन्या खतावणीत आहेत, पण कंपन्या कृती बदलतात, म्हणून आपल्या हातातल्या रॅपरवर जे छापले असेल तेच ग्राह्य धरा.