भूपट्टांच्या सीमा शिकवताना आधी भूकंपांची खोली

नववीच्या मुलांना भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या बाह्य थराच्या सरकत्या तुकड्यांच्या, सीमांचे तीनही प्रकार पाठ असतात, पण ज्वालामुखी कोणत्या सीमेवर असतो आणि कोणत्या सीमेवर नसतो याचे कारण सांगता येत नाही, असे आपण लिहिले आहे. शिवाय ‘कोयना कोणत्या सीमेवर येते?’ या मुलांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, असेही विचारले आहे. माझ्या मते अडचण क्रमाची आहे. अपसारी (भूपट्ट दूर जातात ती), अभिसारी (भूपट्ट एकमेकांकडे येतात ती) ही सीमांची नावे शेवटी सांगावीत आणि सुरुवात भूकंपांच्या खोलीपासून करावी.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर जगभरच्या भूकंपांच्या नोंदी विनामूल्य मिळतात. त्यांतील जपानच्या परिसरातील काही नोंदी निवडून मुलांना द्याव्यात आणि ७० किलोमीटरपर्यंतचे भूकंप लाल, ७० ते ३०० पर्यंतचे हिरवे व त्याहून खोल निळे असे ठिपके नकाशावर काढायला सांगावेत. जपानच्या पूर्वेकडील सागरी गर्तेजवळ (समुद्रतळावरील खोल, लांबट खळग्याजवळ) लाल ठिपके दाटतात आणि पश्चिमेकडे, व्लादिवोस्तोकच्या दिशेने जावे तसे निळे दिसू लागतात. पॅसिफिक भूपट्ट तिरका खाली जातो, हे मग सांगावेच लागत नाही. अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेवर मात्र सगळे ठिपके लालच निघतात, कारण तेथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात आणि खाली काहीच जात नाही. भूपट्ट म्हणून बिस्किटे सरकवून दाखवण्याचा वर्गातला प्रयोग गमतीचा असला, तरी त्यात ही खोली कधीच दिसत नाही.

ज्वालामुखीचे कारण सांगताना ‘घर्षणाने भूपट्ट वितळतो’ हे सोपे पण चुकीचे वाक्य टाळावे. खाली जाणाऱ्या सागरी भूपट्टातून पाणी बाहेर पडते, त्यामुळे त्याच्या वरच्या प्रावरणातील (कवचाखालच्या थरातील) खडकाचा वितळणांक उतरतो आणि शिलारस तयार होतो. आपल्याकडे अंदमानजवळचे बॅरन बेट हे याच प्रक्रियेचे उदाहरण आहे. हिमालयात टकरणाऱ्या दोन्ही भूपट्टांवर हलके खंडीय कवच असल्याने ते तसे खोल बुडत नाही, ते दुमडते आणि जाड होते; म्हणून तेथे अशी ज्वालामुखींची रांग नाही. येथे वर्गात शाळिग्राम दाखवता आला तर उत्तम, कारण गंडकीच्या पात्रात सापडणाऱ्या अनेक शाळिग्रामांत अमोनाइट या समुद्री प्राण्याचे जीवाश्म असतात आणि आज हिमालय उभा आहे तेथे पूर्वी टेथिस समुद्र होता हे त्यांवरून पटते. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भेगेसारख्या, भूपट्ट एकमेकांना घासून सरकतात अशा सीमेला फार वेळ देऊ नये. तेथील १९०६ च्या भूकंपात सरकलेल्या कुंपणांचे एखादे छायाचित्र पुरते.

कोयनेचा प्रश्न मात्र टाळू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, हे दोन्ही भूकंप भारतीय भूपट्टाच्या अंतर्भागातील आहेत, सीमेवरील नाहीत. हिमालयाची सीमा किल्लारीपासून हजार किलोमीटरहून दूर आहे. तरीही उत्तरेकडील टकरीमुळे भूपट्टाच्या आतील खडकांवर ताण येतो आणि जुन्या, कमकुवत भेगांवर तो मोकळा होऊ शकतो. कोयनेत त्याला जलाशयाची जोड मिळाली: धरणात पाणी साठू लागल्यावर तेथे हादरे सुरू झाले, आणि भेगांतील पाण्याचा वाढलेला दाब हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. दख्खनचा काळा खडक ‘ज्वालामुखीचा म्हणजे सीमेवरचा’ असे मुले हमखास लिहितात, म्हणून तोही सीमेवरचा नाही, हे येथेच सांगावे.

चाचणीत व्याख्या विचारू नयेत. नावे नसलेल्या दोन नकाशांवर रंगीत ठिपके द्यावेत आणि ज्वालामुखींची रांग गर्तेच्या कोणत्या बाजूला असेल, ते कारणासह लिहायला सांगावे.